सोलापुरात चाकावर मातीकाम शिकायचंय: मी, पोरगी आणि सासूबाई

होटगीरोडवाली

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात टाकला असेल तर हलवा प्लीज.

माझ्या मुलीला (वय ९, चौथीत आहे) कुंभाराच्या चाकाचं वेड लागलंय. मागं एका प्रदर्शनात "स्वतः मडकं बनवा" असा स्टॉल होता, तिथं रांगेत थांबून बसली, पण खरं सांगायचं तर मडकं त्या दादांनीच केलं, हिचे हात नुसते त्यांच्या हातावर, फोटो झाला की उठ बाळा, पुढचा नंबर. वर ते ओलंच मडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं, घरी येईपर्यंत त्याची भाकरी झाली होती. पोरगी रडली वगैरे नाही, त्याच मातीचा परत गोळा करून फरशीवर फिरवत बसली, म्हणजे आवड खरी दिसतेय.

आता माझ्या पण मनात हे कधीपासूनचं आहे, आणि कहर म्हणजे सासूबाई (६२) म्हणाल्या तुम्ही दोघी जाणार तर मी काय घरात वाती वळत बसू का, मी पण येते. त्यांची कंबर जरा नाजूक आहे पण उत्साह आमच्या दोघींपेक्षा जास्त.

तर सोलापुरात असं नीट शिकायचं म्हणलं तर कसं शोधायचं? पुण्याला दर रविवारी जाणं शक्य नाही. क्लास चांगला आहे की नुसता फोटोपुरता हे आधीच कसं ओळखायचं? नऊ वर्षाच्या मुलीला चाक झेपतं का? ती डावखुरी आहे, त्यानं काही फरक पडतो का? आणि ऑनलाईन ते छोटं बॅटरीचं चाक मिळतं मुलांसाठी, ते घेऊन घरीच सुरुवात केली तर चालेल का, की पैसे पाण्यात?

---

शेंगाचटणी

सासूबाईंचं ऍडमिशन आधी करा, बाकीचं नंतर बघू.

मस्करी सोडा. नवरात्राच्या आधी मधला मारुतीला घट घेऊन ज्या बायका बसतात ना, आणि संक्रांतीला सुगडं घेऊन, त्यांना जाऊन सरळ विचारा की मावशी हे घरी करता का बाहेरनं आणता. जी म्हणेल घरी करतो तिला विचारायचं चाक कुठंय. निम्मे तर नुसते विकणारे असतात, उन्हाळ्यातले माठ तर बरेचसे ट्रकनं गुजरात-राजस्थानकडनं येतात. आणि नुसतं नाव बघून कुंभार वेशीत जाऊन गोल गोल फिरत बसू नका बे, विचारत विचारत जा.

---

मातीगोटा

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा स्टुडिओत शिकलो, आता जुळे सोलापुरात राहतो, घरी चाक आहे पण भट्टी नाही. मी शिकवत नाही त्यामुळे ही जाहिरात समजू नका. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे एका तासाच्या सेशनवरून कुठलाच क्लास जोखू नका. एका तासात कुणालाच काही येत नाही, शिकवणारा कितीही चांगला असला तरी. चाकावरचं खरं शिक्षण सुरू होतं माती मध्यावर आणण्यापासून, स्टुडिओवाले त्याला सेंटरिंग म्हणतात. गोळा चाकावर आपटून बसवायचा आणि फिरत असताना तो अजिबात डुगडुगला नाही पाहिजे, डोळे मिटून हात लावला तर चाक फिरतंय की थांबलंय हे कळू नये इतका. हे जोर लावून होत नाही. कोपर मांडीला किंवा बरगडीला टेकवायचं, हात हलू द्यायचा नाही, आणि मातीला हाताच्या आकारात यायला लावायचं. मग गोळा वर चढवायचा, परत खाली दाबायचा, असं दोन-तीनदा, म्हणजे आतून एकसारखा होतो. मोठ्या माणसांना हे एवढंच जमायला काही आठवडे जातात आणि जो क्लास ते आठवडे तुम्हाला देतो तो चांगला. जिथं दादा येऊन गोळा मध्यावर आणून देतात आणि तुम्ही फक्त भोक पाडून वर ओढता, तिथं वर्षभर गेलात तरी घरी एकट्यानं वाटी होणार नाही.

त्यामुळे फोनवरच विचारायचं की माणशी एक चाक आहे का, गोळा मी स्वतः बसवणार का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रिमिंगला परत बोलावता का. चाकावरून सुतानं कापून काढलेल्या भांड्याचा तळ जाड आणि ओबडधोबड असतो. ते एक-दोन दिवसात अर्धवट सुकतं, म्हणजे बोट दाबलं तर ठसा उमटतो पण भांडं वाकत नाही, तेव्हा उलटं करून परत चाकावर लावून तळ खरवडायचा असतो. त्याशिवाय भांडं पुरं होत नाही. ट्रिमिंग नाही म्हणाले की समजायचं सहल आहे, क्लास नाही.

दुसरं विचारायचं भाजण्याचं. भाजून मिळणार का, कितीला भाजता. आपल्या साध्या लाल मातीची भांडी गावाकडच्या भट्टीत ७०० ते ९०० अंशाच्या आसपास भाजतात, ती सच्छिद्र राहतात, म्हणून तर माठ पाझरतो आणि पाणी गार होतं, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तर जास्तच. पण तोच प्रकार चहाच्या मगात झाला तर टेबलावर गोल डाग. चहाचा मग, वाटी, ताटली वापरायची असेल तर ग्लेझ लागतं, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा वरचा थर, आणि ग्लेझ शिशाशिवायचं आहे ना हे स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही. स्टोनवेअर म्हणतात ते १२०० अंशाच्या पुढं जातं, त्याला वेगळी माती आणि चांगली इलेक्ट्रिक नाहीतर गॅसची भट्टी लागते. कच्ची वस्तू घरी घेऊन जा म्हणणाऱ्याकडं जाऊ नका, न भाजलेली माती पाण्यात टाकली की परत चिखल, तुमच्या मुलीनं तो प्रयोग केलाच आहे.

भट्टीत भांडं फुटलं की सगळे म्हणतात आत हवा राहिली होती. बहुतेक वेळा हवा नसते, ओल असते. वरून सुकलेलं दिसतं, आत पाणी असतं, ते १०० अंशाला वाफ होतं आणि पाण्याची वाफ झाली की जागा जवळपास १७०० पट लागते, मग जाड तळाचं भांडं उडणारच. म्हणून सुरुवातीला भट्टी एकदम सावकाश तापवायची. पुढं ५७३ अंशालाही सांभाळायचं, तिथं मातीतल्या क्वार्ट्झचा आकार एकदम बदलतो, तापवताना आणि निववताना दोन्ही वेळा. घाईनं भट्टी उघडणाऱ्याच्या भांड्याला चीर जाते ती बऱ्याचदा यातून.

सोलापूरची खास अडचण सुकवण्याची. मार्च ते मे मध्ये भांडं सकाळी केलं आणि उघडं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत काठ वाळून कडक आणि तळ ओला, मग तळाला चीर. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, पंख्यापासून लांब. उन्हात तर नाहीच.

आणि शेतातली काळी माती आणून घरी सुरू करू नका कृपा करून. आपली रेगूर पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगा, शेतात बघतोच की उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या. कुंभार लोक नुसती काळी वापरत नाहीत, तळ्याचा गाळ, रेती, राख, लीद असलं घालून तिला ताळ्यावर आणतात. गणपतीची शाडू पण चाकासाठी नको, ती मूर्तीलाच बरी. सुरुवातीला तयार टेराकोटाची माती विकत घ्या, वापरलेली परत भिजवून परत मळता येते, वाया काही जात नाही.

मुलीबद्दल, माझं मत की नऊ वर्षं चाकासाठी थोडं लवकर. हाताला वजन नसतं, गोळा मध्यावर येत नाही, मग चिडतात. आधी हातानं करू दे, चिमटीनं दाबून वाटी, वळ्या लावून भांडं. भिंत कुठं जाड कुठं पातळ हे बोटाला कळायला लागलं की चाक सोपं जातं.

---

पेन्शनर_बाळे

ताई एवढा खर्च कशाला, केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना आहे, त्यात कुंभारकाम आहे, ट्रेनिंग फुकट, वर रोजचे ५०० रुपये मिळतात आणि अवजारांसाठी १५००० रुपये. सीएससी सेंटरला आधार घेऊन जा, तिघींची नावं घाला.

---

मातीगोटा

काका, योजना खरी आहे, आकडे पण बरोबर, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि १८ व्यवसायांत कुंभार आहेत. पण ती हौसेनं शिकणाऱ्यांसाठी नाही, जे आधीपासून हातानं हा धंदा करतात त्यांच्यासाठी आहे, वय १८ च्या पुढं, आणि एका घरातून एकालाच. तिघींची नावं घातली तर पहिल्याच तपासणीत बाहेर.

फायदा उलट्या बाजूनं घ्या. या योजनेतून, आणि त्याआधी खादी ग्रामोद्योग आयोगानं २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरण म्हणून जी योजना काढली त्यातून, बऱ्याच कुंभारांकडं विजेची चाकं आली. असा कुणी आसपास सापडला तर त्याच्याकडं चाक पण आहे आणि पिढीजात हात पण आहे.

---

थापटणं

आमचं घराणं कुंभाराचं. मी स्वतः आता एमआयडीसीत कामाला जातो पण आज्याच्या चाकावर बसलेलो आहे, गावाकडं चुलता अजून करतो. मातीगोटा साहेबांनी लई छान लिहिलंय पण एकदोन गोष्टीला माझा विरोध आहे.

नऊ वर्ष लवकर कसं? आमच्यात पोरं सहा-सात वर्षाची असताना बसायची. पण त्यांना सेंटरिंग-बिंटरिंग कोणी शिकवत नव्हतं. आज्या मोठा गोळा चाकावर ठेवायचा, त्याच्या शेंड्यावरून एक पणती काढायची, दोऱ्यानं कापायची, परत शेंडा, परत पणती. गोळा मोठा असला की तो स्वतःच्या वजनानं जागेवर राहतो, पोराला फक्त शेंडा सांभाळायचा असतो, वाटीएवढा. स्टुडिओत माणशी एक छोटा गोळा देतात आणि त्यावर पोराला झगडायला लावतात म्हणून जमत नाही. कुणी शिकवणारा मोठ्या गोळ्यावरून काढायला देत असेल तर पोरीला बसवाच.

अजून एक, लोकांना वाटतं अख्खा माठ चाकावर होतो. होत नाही. चाकावर तोंड आणि जाड बुटकं अंग तेवढं होतं. थोडं सुकलं की आतनं टेका म्हणून कडक गोळा धरायचा आणि बाहेरनं थापटण्यानं, म्हणजे लाकडी फळीनं, ठोकत ठोकत पोट वाढवायचं, पातळ करायचं. ते काम चाकापेक्षा अवघड आहे आणि स्टुडिओत कुणी शिकवत नाही. तेरच्या गोरोबाकाकांच्या हातातलं थापटणं ते हेच, नामदेवाच्या डोक्यावर मारून कच्चं मडकं म्हणाले ते. पोरीला एकदा तेरला न्या, धाराशिव जिल्ह्यातच आहे, गोरोबाकाकांचं देऊळ आहे आणि लामतुरे संग्रहालय आहे सरकारी. जुन्या काळात त्या गावाला तगर म्हणायचे, परदेशी व्यापार चालायचा, तिथं सापडलेली भाजलेल्या मातीची भांडी, बाहुल्या ठेवलेल्या आहेत. दोन हजार वर्षाखालचं काम बघितलं की पोरांना कळतं हे खेळणं नाही.

जुनं चाक दगडाचं नाहीतर सिमेंटचं, जड, वर भोक असतं त्यात काठी घालून गरागरा फिरवायचं, काठी काढली की काही मिनिटं आपल्या जोरावर फिरतं, तेवढ्यात काम करायचं, मग परत काठी. मोठ्या माणसाची पण कंबर जाते, सासूबाईंना त्यावर बसवू नका, ते जमिनीलगत असतं.

आणि एक स्पष्ट बोलतो. आमच्यात बायका चाकावर बसायच्या नाहीत. माती चाळणं, मळणं, थापटणं, रंग देणं, डोक्यावर पाटी घेऊन विकणं सगळं बायका करायच्या आणि चाक तेवढं पुरुषाकडं. त्यामुळं एखाद्या म्हाताऱ्या कुंभारानं तुम्हाला नको म्हणलं तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरीकडं जा. आता बटणाचं चाक आल्यावर माझी चुलती बसती आणि चुलत्यापेक्षा सरस पणत्या काढती, चुलता कबूल करत नाही ती गोष्ट वेगळी.

जायचं कधी तर हे महत्त्वाचं. संक्रांतीच्या आधी सुगडं, मग उन्हाळ्याचे माठ, अक्षय तृतीयेची करा-केळी, बेंदराचे बैल, मग घट, मग पणत्या, ह्या दिवसात गेला तर तो मान वर करून बघणार नाही. भर पावसात आवा, म्हणजे आमची भट्टी, लागत नाही, माल सुकत नाही, तेव्हा माणूस मोकळा असतो. शिकायला तोच टाईम. आणि माती हळू वाळते म्हणून तडे पण कमी.

फुकट शिकवा म्हणू नका. लोक येतात, व्हिडिओ काढतात, काका भारी म्हणतात आणि निघून जातात. दिवसाची मजुरी काय ती विचारा आणि हातात द्या. चप्पल बाहेर काढा, चाकाला पाय लागू देऊ नका.

---

मातीगोटा

शेंड्यावरून काढण्याचा मुद्दा मान्य, स्टुडिओत पण येतं ते, पण फार उशिरा शिकवतात. फक्त एक आहे की तुमच्या घरातली पोरं दिवसभर मातीत असायची, आठवड्याला एक तास येणारी मुलगी वेगळी. पण बसवून बघायला हरकत नाही, मी "थोडं लवकर" म्हणलं, बंदी नाही घातली.

---

दोनपोरांचीआई

ते बॅटरीचं चाक अजिबात घेऊ नका!! आमच्याकडं पडलंय माळ्यावर. मातीवर जरा हात दाबला की चाक थांबतं, मोटारीत दमच नाही, आणि त्याच्यासोबत जी माती येते ती हवेत वाळणारी, तिच्यात पाणी ठेवता येत नाही, दिवा लावला तरी काळजी. त्यापेक्षा केकवाल्यांचा तो फिरता स्टँड येतो ना क्रीम लावायचा, जड लोखंडी बघून घ्या, त्यावर वळ्यांचं भांडं ठेवून एका हातानं फिरवत दुसऱ्या हातानं गुळगुळीत करतात मुलं, मस्त जमतं आणि पोरांना चाक चालवल्याचा फील येतो.

घरी करणार असाल तर दोन गोष्टी सांगते. मातीचं पाणी बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतू नका, पाईपमध्ये बसून दगड होतो, प्लंबर पण हात टेकतो. एका बादलीत हात धुवायचे, रात्रभर ठेवायचं, वरचं निवळ पाणी कुंड्यांना आणि खालचा गाळ परत मातीत. आमच्याकडं पाणी चार दिवसाआड येतं त्यामुळं ही सवय आपोआपच लागली. दुसरं, वाळलेली माती झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. त्या धुळीत सिलिका असते, रोज रोज श्वासात गेली तर फुप्फुसाला वाईट. क्लास बघायला जाल तेव्हा तिथली फरशी बघा, पांढरी धूळ उडत असेल आणि मुलं त्यात बसली असतील तर परत या.

नखं कापा सगळ्यांनी. आणि अंगठ्या घरी.

---

होटगीरोडवाली

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांना खूप धन्यवाद, मी वाचून सासूबाईंना पण वाचून दाखवलं, "बायका चाकावर बसायच्या नाहीत" इथं त्यांनी जो चेहरा केला तो बघायला हवा होता. म्हणाल्या आता तर जाणारच.

केकचा स्टँड आमच्याकडं आहेच, आज संध्याकाळी पोरीला देते. पावसाळ्यात कुंभाराकडं आणि तोपर्यंत घरी हातानं, असं ठरवतेय. पण डावखुरी असण्याचं कुणी सांगितलं नाही, आणि कमरेचं काय करायचं?

---

मातीगोटा

डावखुरीचं राहिलंच. विजेच्या बहुतेक चाकांना उलट फिरवायचं बटण असतं. पहिल्याच दिवशी दोन्ही दिशांना थोडं थोडं करून बघू दे, जी सोपी वाटेल ती धरायची आणि मग बदलायची नाही. बरेच डावखुरे उजव्यांच्याच दिशेनं शिकतात आणि काही बिघडत नाही, कारण चाकावर दोन्ही हात कामाला असतात, एक आत एक बाहेर. फक्त शिक्षकाला आधी सांगा, नाहीतर तो सवयीनं "उजवा हात इकडे" म्हणत राहील आणि पोरगी गोंधळेल. तिचे पाय पॅडलला पोचत नसतील तर पॅडल विटेवर ठेवायचं, किंवा वेग हातानं ठरवून सोडायचा.

कंबर. दुखतं ते बहुतेक वेळा वाकून आत बघण्यानं. स्टूल आणि चाकाचा माथा साधारण एका उंचीला, किंवा स्टूल किंचित उंच, समोर आरसा ठेवायचा म्हणजे भांड्याची बाजू बघायला मान वाकडी करावी लागत नाही. काही ठिकाणी चाक टेबलावर चढवून उभ्यानं करतात, सासूबाईंना ते बरं पडेल. माती मऊ घ्या, अर्ध्या किलोच्या आतला गोळा, आणि अर्ध्या तासानं उठून फिरायचं. मळायचं काम त्यांच्याकडं देऊ नका, कंबर आणि मनगट दोन्ही त्यातच जातात, ते तुम्ही करा.

आणि स्टुडिओ पॉटरीचा शिक्षक भेटला तर तो कुणाकडं शिकला ते विचारा. पाँडिचेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी सुरू केली, तिथं शिकलेल्यांनी पुढं देशभर स्टुडिओ काढले, त्या वळणाचा माणूस असेल तर पाया पक्का मिळतो. आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघाचं मातीकामाचं जुनं काम आहे. लांब आहे, पण नाव माहीत असू दे.

---

पेन्शनर_बाळे

घरी भट्टी करता येते का? गॅसच्या ओव्हनमध्ये भाजलं तर?

---

मातीगोटा

नाही काका, घरातला ओव्हन अडीचशे अंशाला संपतो. मातीचं मडकं व्हायला, म्हणजे पाण्यात टाकल्यावर परत विरघळू नये इतपत बदल व्हायला, तिला साधारण ६०० च्या वर तरी न्यावं लागतं. ओव्हनमधून फक्त वाळलेली माती बाहेर येईल.

---

थापटणं

चुलत्याच्या आव्यात पोरीची दोनचार भांडी बसतील, आमच्या मालाबरोबर. पूर्ण सुकवून आणायची आणि तळ जाड नको, नाहीतर शेजारचा माल पण फोडती. गाव मोहोळच्या बाजूला आहे. नंबर इथं टाकत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ताई.

---

होटगीरोडवाली

व्यनि केलाय दादा, खरंच आभार. मजुरी आणि भाजणावळ काय ती आधीच सांगा, चुलतीला पण विचारा त्या शिकवतील का, आम्हाला त्यांच्याकडंच शिकायला आवडेल.

---

शेंगाचटणी

ओ ताई, अजून एक जागा असली तर सांगा की. आमच्या हिला पाठवतो म्हणूलालोय, मी घरी पोरगं सांभाळतो. का उलटं करू?

---

होटगीरोडवाली

सासूबाई म्हणतायत उलटंच करा, माती मळायला माणूस हवाय.